खूण, वण आणि मधला काळ

खुणेवरून माणूस ओळखणे हा कथेचा फार जुना आधार आहे. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या सोळाव्या प्रकरणात अभिज्ञानाचे प्रकार सांगताना खुणांवरून होणारी ओळख सर्वांत आधी घेतली आणि ती सर्वांत कमी कलात्मक ठरवली. नाटककाराला दुसरे काही सुचेनासे झाले की तो खुणेकडे वळतो, असा त्याचा रोख. हे मत आपण वर्गात शिकवतो. मात्र त्याच ठिकाणी त्याने केलेल्या एका भेदाकडे सहसा लक्ष जात नाही. काही खुणा जन्माबरोबर येतात आणि काही मागाहून मिळतात, असे तो सांगतो. भूमिपुत्रांच्या अंगावरील भाल्याचे चिन्ह पहिल्या वर्गातले, तर जखमांचे वण दुसऱ्या वर्गातले. वृद्ध दाई ज्यावरून ओडिसिअसला ओळखते तो त्याच्या पायावरचा वण हा दुसऱ्या वर्गाचा ठळक नमुना. हा कोणाचा, हे जन्मखूण सांगते. याच्या आयुष्यात काय घडले, हे वण सांगतो.

या दोन वर्गांमधली भिंत पक्की आहे, असे साहित्याने बहुधा गृहीत धरले. शस्त्रवैद्यकाने मात्र गेल्या शंभरेक वर्षांत पहिल्या वर्गातील खूण दुसऱ्या वर्गात नेण्याची एक रीत बसवली. जन्मजात मोठा तीळ एकाच वेळी काढायचा नाही. त्याचा मधला भाग काढायचा, कडा जवळ ओढून शिवायच्या आणि काही महिने थांबायचे. त्वचा पुन्हा सैल झाली की आधीच्या शिवणीसह आणखी एक पट्टी काढायची. असे दोन, तीन, क्वचित त्याहूनही अधिक वेळा करत अखेरीस तिळाच्या जागी एक रेषा उरवायची. ऐकायला ही निव्वळ कारागिरी वाटते. पण तिच्या इतिहासात शरीर, ओळख आणि कलंक यांविषयीच्या आपल्या कल्पनांचा एक वेगळा इतिहास गुंतलेला आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा आहे, असे आम्हांला वाटते.

आरंभ शब्दांपासून करू. मराठीत तीळ, मस, लासे, जन्मखूण असे शब्द आहेत आणि ते बहुतेक निरुपद्रवी आहेत. गालावरचा तीळ तर सौंदर्याचे लक्षण. सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात शरीरावरील ओळखखुणांसाठी रकाना असतो, आणि तेथे नोंदवलेला हातावरचा तीळ त्या माणसाच्या बाजूने साक्ष देतो. 'लांछन' या शब्दाची गत निराळी झाली. संस्कृतात लांछन म्हणजे चिन्ह, ओळखीची मुद्रा. जैन मूर्तिशास्त्रात तीर्थंकर ओळखायचा तो लांछनावरून: ऋषभनाथांचा वृषभ, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह. विष्णूच्या छातीवरील श्रीवत्स हेही लांछनच. भृगू ऋषीने देवाच्या छातीवर लाथ मारली आणि देवाने ती खूण भूषण म्हणून मिरवली, ही कथा पंढरपूरच्या विठ्ठलाच्या संदर्भात मराठी भक्तिपरंपरेने मनापासून जपली. ॲरिस्टॉटलच्या वर्गवारीत बसवायचे तर ही मागाहून मिळालेली खूण. आजच्या व्यवहारातल्या मराठीत मात्र 'लांछन' म्हणजे बट्टा. 'घराण्याला लांछन' म्हटले की त्यात भूषणाचा मागमूसही उरत नाही. चिन्हाचा कलंक कसा होतो, याची ही एका शब्दात साठलेली हकीगत.

चिन्हाची ही दुहेरी प्रकृती शेक्सपिअरने एकाच नाटकात दाखवली. 'सिम्बेलीन' हे नाटक सुमारे १६१० सालचे. त्यात याकिमो पेटाऱ्यात लपून इमोजेनच्या शयनगृहात शिरतो, तिच्या डाव्या स्तनावरील तीळ पाहून ठेवतो आणि तिच्या नवऱ्यापुढे तोच तीळ तिच्या व्यभिचाराचा पुरावा म्हणून मांडतो. त्याच नाटकाच्या शेवटी लहानपणी हरवलेला राजपुत्र ग्विडेरिअस मानेवरच्या ताऱ्यासारख्या तिळावरून ओळखला जातो. बहिणीचा तीळ तिला गुन्हेगार ठरवतो आणि भावाचा तीळ त्याला गादीचा वारस ठरवतो. दोन्ही खुणा जन्मजात आहेत. फरक आहे तो पाहणाऱ्याच्या हेतूचा, आणि ज्याच्या अंगावर खूण आहे त्याला बोलण्याची संधी कितपत मिळते याचा.

वैद्यकाने या खुणेकडे कसे पाहिले? सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये तिलकालक, मषक, न्यच्छ यांच्याबरोबर 'जतुमणि' येतो. जतु म्हणजे लाख. लाखेच्या मण्यासारखा दिसणारा, न दुखणारा, किंचित उंच आणि 'सहज', म्हणजे जन्माबरोबर आलेला डाग. चिकित्सास्थानात त्यावरचा उपाय येतो: शस्त्राने उपटून काढावा आणि क्षाराने वा अग्नीने असा जाळावा की काही शेष राहू नये. आम्हांला येथे शेष न ठेवण्याचा आग्रह महत्त्वाचा वाटतो. लहान डागाच्या बाबतीत तो व्यवहार्यही होता. उरलेले मूळ पुन्हा उगवते, हा अनुभव त्यामागे असणार. पण डाग तळहाताएवढा असेल तर काय करावे? सगळा काढला तर जखम मिटवायला त्वचा कोठून आणावी? निःशेषाच्या या आदर्शाला त्वचेच्या तुटवड्याने अडवले आणि पुढे कित्येक शतके अडवून धरले.

निःशेषाचे हे स्वप्न साहित्यात सर्वांत स्पष्टपणे मांडले ते नॅथॅनिएल हॉथॉर्नने, 'द बर्थमार्क' या १८४३ च्या कथेत. एल्मर हा शास्त्रज्ञ. त्याची बायको जॉर्जियाना रूपाने निर्दोष, फक्त तिच्या डाव्या गालावर एक तांबूस खूण, इवल्याशा हाताच्या आकाराची. लग्नानंतर त्याला ती खूण खुपू लागते. ही खूण काढता येईल असे तुझ्या कधी मनात आले नाही का, असे तो विचारतो तेव्हा ती गोंधळते. तिला आजवर सगळ्यांनी ती खूण मोहक आहे असेच सांगितलेले असते. पण नवऱ्याच्या अंगावर शहारा येतो हे पाहून हळूहळू तीच त्या खुणेचा त्याच्याहून अधिक तिरस्कार करू लागते. शेवटी ती त्याचे औषध पिते. खूण फिकी होत जाते आणि शेवटची छटा मावळताना तिचा प्राणही जातो.

या कथेचा नेहमीचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे: मानवी अपूर्णता पुसू पाहणाऱ्या विज्ञानाचा उन्माद. तो चूक नाही. परंतु शल्यकर्माच्या इतिहासाच्या बाजूने वाचताना आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली, एल्मरला पडणारे स्वप्न. त्यात तो सुरीने ती खूण काढू पाहतो, पण सुरी जितकी खोल जाते तितका तो इवला हात खोल खोल जातो आणि अखेर तिच्या हृदयाला जाऊन बिलगतो. दुसरी गोष्ट, वेळ. एल्मरला जे हवे ते एका घोटात हवे आहे. कथेत मध्यंतर नाही. खूण असलेली जॉर्जियाना आणि खूण नसलेली जॉर्जियाना, एवढ्याच दोन अवस्था त्याला कल्पिता येतात, आणि दुसऱ्या अवस्थेत ती जिवंत नाही.

शस्त्रवैद्यकाचा पुढला मार्ग यापेक्षा वेगळा झाला, कारण त्याला त्वचेकडून थांबायला शिकावे लागले. त्या शिक्षणातला एक प्रसिद्ध धडा पुण्याचा आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या माणसाची हकीगत छापली. इंग्रज फौजेसाठी बैल हाकणारा हा माणूस १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत पडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. कपाळाची कातडी पूर्ण सोडवायची नाही, भुवयांच्या मध्ये तिचा एक देठ राखायचा, त्यातून तिला रक्त मिळत राहते. नवी जागा तिने धरली की सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ कापायचा. ही हकीगत वाचून जोसेफ कार्पने लंडनमध्ये १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. या प्रसंगाची थोरवी आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, पण तिचे मर्म त्या पंचवीस दिवसांत आहे. त्वचेवरचे काम हप्त्याहप्त्याने करावे लागते आणि दोन हप्त्यांमधला काळ रिकामा नसतो, हे त्या कारागिराला ठाऊक होते.

त्वचा ताणाखाली असते, हे पुढे मोजून दाखवले गेले. व्हिएन्नाच्या कार्ल लांगरने १८६१ साली मृतदेहांच्या त्वचेला गोल टोच्याने असंख्य भोके पाडली. गोल हत्याराने पाडलेली ती भोके गोल राहिली नाहीत, ती लांबट झाली. त्यांची दिशा जोडत गेल्यावर सबंध शरीरावर रेषांचा एक नकाशा उमटला. त्वचा कोणत्या दिशेने अधिक ओढलेली आहे, हे त्यातून कळले. जखम कोणत्या दिशेने शिवावी या प्रश्नाची चर्चा येथून पक्क्या पायावर आली.

मोठा डाग टप्प्यांनी कमी करत नेण्याची पद्धत रीतसर मांडली ती इपोलित मोरेस्तँ या फ्रेंच शस्त्रवैद्याने. जन्म १८६९ चा, मार्तिनीक बेटावरचा. १९०२ साली माँ पेले ज्वालामुखीच्या स्फोटात त्याचे आप्त मृत्युमुखी पडले. पहिल्या महायुद्धात तो पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होता, आणि त्याच काळात, १९१५ साली, त्याने पॅरिसच्या शल्यसभेपुढे त्वचेवरील व्यंगे क्रमाक्रमाने कमी करत नेण्याविषयीचा आपला लेख मांडला. १९१९ साली तो वारला. बाल्टिमोरच्या जॉन स्टेज डेव्हिसने १९२९ साली मोठे वण आणि त्वचेवरील मोठी विद्रूपता अंशाअंशाने काढण्याविषयी सविस्तर लिहिले, आणि ही रीत इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यांमध्येही रुळली. युद्धाच्या वणांसाठी आणि जन्मखुणांसाठी एकच उपाय निघावा, यात आम्हांला काही विलक्षण दिसते. ॲरिस्टॉटलचे दोन्ही वर्ग एकाच मेजावर आले.

मोरेस्तँचे काम पाहून हॅरोल्ड गिलीज हा तरुण डॉक्टर १९१५ साली भारावून गेला आणि पुढे इंग्लंडमध्ये त्याने या शाखेचा पाया घातला. जे उद्यावर ढकलणे प्रामाणिकपणे शक्य आहे ते आज करू नये, अशा अर्थाची शिकवण तो आपल्या शिष्यांना देई. आळसाला उत्तेजन देण्याचा त्याचा हेतू नव्हता. ऊतींना सावरायला अवधी द्यावा, एवढाच त्याचा भावार्थ.

हा अवधी नेमके काय करतो? त्वचा रबरासारखी नाही. रबर ताणले की ताण तसाच टिकतो आणि सोडले की रबर मूळच्या लांबीवर येते. त्वचा ताणून तशीच धरून ठेवली तर काही वेळाने तिच्यातला ताण कमी होतो. सतत ओढीखाली ठेवली तर ती सावकाश लांबत जाते. ग्लासगोचा शस्त्रवैद्य टॉमस गिब्सन आणि अभियंता रॉबर्ट केनेडी यांनी १९६० च्या दशकात हे गुणधर्म यंत्रावर मोजले. शिवाय जिवंत त्वचेत दीर्घ ओढीमुळे नवी वाढही होते. गर्भवतीच्या पोटावरची त्वचा हे त्याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन, सहा किंवा अधिक महिने थांबायचे ते यासाठी. त्या काळात डॉक्टर काहीच करत नसतात, आणि तरीही काम चालू असते.

भूमितीचाही एक भाग आहे. गोल डाग एका वेळी काढायचा तर छेद डोळ्याच्या आकाराचा घ्यावा लागतो, म्हणजे रुंदीच्या साधारण तिप्पट लांब. नाहीतर शिवणीच्या दोन्ही टोकांना कातडी वर येते. चार सेंटिमीटर व्यासाच्या तिळासाठी अशा हिशेबाने बारा सेंटिमीटरची रेषा पडेल. टप्प्यांनी काढताना पहिला छेद तिळाच्या हद्दीतच ठेवता येतो आणि आसपासची निरोगी त्वचा न कापता तीळ अरुंद होत जातो. शेवटच्या वेळी उरलेल्या चिंचोळ्या पट्टीसाठी लागणारी रेषा त्यामुळे बरीच आखूड राहते. फारच मोठ्या, पाठ किंवा धड व्यापणाऱ्या डागांना ही पद्धत पुरत नाही. न्यूयॉर्कच्या चार्ल्स न्यूमनने १९५७ साली एका रुग्णाच्या कातडीखाली फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला आणि वाढलेल्या त्वचेतून कान घडवला. चेडोमिर राडोव्हानने १९७६ पासून ही कल्पना पुन्हा पुढे आणली आणि १९८० च्या दशकात ती रूढ झाली. आज मध्यम आकाराच्या डागांसाठी टप्प्याटप्प्याने छेदन आणि त्याहून मोठ्यांसाठी बहुधा फुग्याने वाढवलेली त्वचा, असा साधारण विवेक केला जातो. दोन्हींचे तत्त्व एकच: त्वचा उसनी आणण्याऐवजी तिला वाढायला वेळ द्यायचा.

पण तीळ काढायचाच कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे, आणि आमच्या मते या इतिहासाचा गाभा येथे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भय हे मुख्य उत्तर होते. मोठ्या जन्मजात तिळांतून मेलॅनोमा हा कर्करोग उद्भवू शकतो. १९७४ साली अर्नेस्ट कॅप्लान यांनी या धोक्यावर लिहिलेला लेख बराच गाजला आणि लवकर, शक्य तितका, शक्यतो सगळा तीळ काढावा हा सल्ला दिला जाऊ लागला. निःशेषाचा आदर्श नव्या कारणासह परतला. पुढे आकडे मोठ्या संख्येने गोळा झाले तेव्हा चित्र पालटले. २००६ साली चौदा अभ्यासांतील ६,५७१ रुग्णांची एकत्र मांडणी झाली. तिच्यात मेलॅनोमाचे एकूण प्रमाण ०.७ टक्के निघाले. फार मोठ्या डागांमध्ये ते अधिक आहे, लहानांमध्ये अगदी कमी, आणि मोठ्या डागांच्या बाबतीत कर्करोग कधीकधी त्वचेत नव्हे तर मेंदूच्या आवरणांत उद्भवतो, जेथे त्वचेवरची शस्त्रक्रिया पोहोचत नाही. मोठ्या तिळाच्या पेशी त्वचेत खोलवर, चरबीपर्यंतही उतरलेल्या असतात. एल्मरचे स्वप्न येथे आठवल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की हॉथॉर्नच्या स्वप्नातली खोली पापभावनेची होती, ही खोली गर्भातल्या पेशींच्या प्रवासाची आहे.

त्या प्रवासाचे मूळही सापडले. लंडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की अशा बहुतेक मोठ्या व अनेक तिळांमागे एनआरएएस नावाच्या जनुकातला एक बदल असतो, आणि तो गर्भधारणेनंतर, वाढत्या गर्भातल्या एखाद्या पेशीत घडतो. तो आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. हे वाक्य शास्त्रीय नियतकालिकात कोरडे वाटेल, पण त्याचा भार मोठा आहे. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले, काही पाहिले म्हणून मुलाच्या अंगावर खूण आली, हे आपल्याकडे घराघरांत आईला ऐकवले गेले. युरोपातही हेच होते. लंडनमध्ये डॅनियल टर्नरने त्वचारोगांवरील आपल्या १७१४ च्या ग्रंथात आईच्या कल्पनेचा ठसा गर्भावर उमटतो हे मत उचलून धरले आणि जेम्स ब्लोंडेलने १७२७ साली त्याचे खंडन केले. हा वाद पेशींच्या पातळीवर मिटायला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लागली. जन्मखूण हा घराण्याचा लेख असतो हे ॲरिस्टॉटलच्या भूमिपुत्रांपासूनचे गृहीतकही येथे डळमळते. ग्विडेरिअसचा तीळ त्याचा वंश सांगत होता. या प्रकारचा तीळ वंशाविषयी काहीच सांगत नाही. तो फक्त त्या एका शरीराचा असतो.

भय ओसरले, आईवरचा ठपकाही निराधार ठरला. मग उरते ते दिसणे. लोकांचे पाहणे, शाळेतली चिडवाचिडवी, लग्नाच्या बाजारातली कुजबूज. हे कारण क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणणार नाही. चेहऱ्यावरचा केसाळ काळा डाग घेऊन जगणाऱ्याला कोणी साहित्यशास्त्रातून धीर देऊ नये. तरीही हे कारण वेगळ्या जातीचे आहे, हे स्पष्ट व्हायला हवे. कर्करोगाचे भय शरीराच्या आतले असते. दिसण्याचे दुःख पाहणाऱ्याच्या नजरेतून सुरू होते आणि जॉर्जियानाप्रमाणे मग आत मुरते. कोड असलेल्या तरुणीची गोष्ट सांगणाऱ्या 'नितळ' या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००६ च्या मराठी चित्रपटाने हा प्रश्न डागाकडून नजरेकडे वळवला होता. शस्त्रक्रिया डाग काढू शकते, नजर काढू शकत नाही. म्हणून निर्णय कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

हा प्रश्न अवघड होतो तो वयामुळे. तान्ह्या वयात त्वचा सैल असते, वण बसायला अवधी मिळतो, वेदना आठवत नाहीत. म्हणून लवकर करावे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. पण त्या वयात मूल होकार देऊ शकत नाही. शिवाय टप्प्यांची संख्या वाढली की भूल देण्याची संख्याही वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा दीर्घकाळ भूल देण्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. थांबावे तर मूल मोठे होऊन स्वतः बोलू शकते, पण तोवर ती सगळी वर्षे त्या नजरेखाली जातात. आई-वडिलांना दोन्ही बाजूंनी किंमत मोजावी लागते, आणि ती कोणी दुसऱ्याने ठरवून देता येत नाही.

टप्प्यांच्या पद्धतीचे नैतिक महत्त्व आम्हांला येथे दिसते. एका घावात संपणाऱ्या क्रियेत संमती एकदाच घेतली जाते आणि मग परतीची वाट नसते. टप्प्यांमध्ये दर वेळी पुन्हा विचारावे लागते. पहिल्या वेळी आई-वडिलांनी ठरवले असेल; तिसऱ्या वेळी ते मूल आठ वर्षांचे, बारा वर्षांचे असू शकते. ते म्हणू शकते, आता पुरे. किंवा म्हणू शकते, अजून एकदा. अर्धा उरलेला तीळ आणि मध्ये एक वण ही अपूर्ण अवस्था म्हणून फसलेली अवस्था ठरत नाही. तेथेही थांबता येते. शेष ठेवण्याची मुभा शस्त्रवैद्यकाने स्वीकारली, तेव्हाच ज्याची त्वचा आहे त्याला बोलण्याची जागा निर्माण झाली.

ही बाजू मांडताना दुसरीही सांगायला हवी. टप्पे माणसाला अडकवूनही ठेवू शकतात. ल्यूसी ग्रीली या कवयित्रीचे 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ फेस' हे १९९४ चे आत्मकथन जन्मखुणेचे नाही. जबड्याच्या कर्करोगानंतर लहानपणापासून झालेल्या शस्त्रक्रियांच्या दीर्घ मालिकेचे ते आहे. पण दोन शस्त्रक्रियांमधल्या काळाविषयी इतके नेमके लिहिलेले दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. पुढल्या वेळी चेहरा नीट होईल आणि मग आयुष्य सुरू होईल, या आशेवर वर्षे कशी सरकतात आणि आरसा कसा टाळला जातो, हे त्यात आहे. वाट पाहणे त्वचेला मानवते. मनाला ते मानवेलच असे नाही. ज्या घरात अशी शस्त्रक्रिया चालू असते तेथे दोन टप्प्यांमधले महिने केवळ त्वचा सैल होण्याचे महिने समजू नयेत. त्या महिन्यांत मूल शाळेत जाते, फोटोत उभे राहते, कोणीतरी विचारते त्याला उत्तर देते.

वैद्यकीय लेखांत अनेकदा दोन छायाचित्रे शेजारी छापलेली असतात, आधीचे आणि नंतरचे. एल्मरलाही एवढीच दोन चित्रे दिसत होती. कथा-कादंबऱ्यांनीही खुणेची गोष्ट बहुधा दोन टोकांवरच सांगितली: खूण दिसली आणि ओळख पटली, किंवा खूण गेली आणि माणूसही गेला. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या छेदनाने शरीराला एक तिसरी अवस्था दिली, जी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. ती जगणाऱ्या मुलांपैकी काही आज प्रौढ आहेत. जन्माबरोबर आलेल्या खुणेच्या जागी त्यांच्याकडे आता एक रेषा आहे, आणि ही रेषा त्यांना कोणीतरी, कधीतरी, काही विचार करून दिलेली आहे. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने ती मिळवलेली खूण झाली. तिच्यामागे हकीगत आहे: किती वेळा, कोणत्या वयात, कोणाच्या सांगण्यावरून, आणि कोठे थांबलो. ओडिसिअसच्या दाईने तो वण पाहिला तेव्हा होमरने कथा थांबवून त्या शिकारीची सगळी हकीगत सांगितली. या रेषांची हकीगत ज्यांची त्यांनी सांगायची आहे, आणि मराठीत ती अजून फारशी ऐकू आलेली नाही.